चौथा आग्रह

हॅम्बर्ग, ९ नोव्हेंबर

रश्त नगरीच्या निवृत्त भूगोलसम्राज्ञी आणि माझ्या बालपणाच्या सर्वाधिकारी माहलका ताई हिच्यापुढे तिच्या एकुलत्या एक, आणि म्हणूनच निर्विवाद सर्वोत्तम, बंधूचे शब्दलोटांगण.

हे पत्र फर्रोखच्या हस्ते येत आहे. तिकडून येताना तो पिस्ते आणतो. इकडून जाताना आमची पत्रे, तुझ्या गुडघ्यांची मलमे आणि 'तिकडे सगळं ठीक चाललंय' हे आपले अढळ तत्त्वज्ञान घेऊन जातो. तो माझ्या पत्नीचा, परीवशचा, सख्खा भाऊ असल्याने त्याचा प्रतिवाद करण्याचा अधिकार मला विवाहसमयीच गमवावा लागला.

वार्ता अशी की, तीस वर्षे जर्मनांच्या नासिकांवर चष्मे चढवल्यानंतर तुझ्या बंधूने नाट्यलेखनात पदार्पण केले आहे. प्रहसन दोन अंकी; नाव 'तीन झेंड्यांचं घर'; प्रयोग नवरोझच्या आधीच्या शनिवारी, भाड्याच्या सभागृहात. एक कुटुंब नववर्षाच्या मेजाभोवती बसू पाहते आणि शेवटपर्यंत बसू शकत नाही, एवढेच कथानक. आजोबा इराणच्या जुन्या राजाच्या सैन्यातले कर्नल, त्यांना सिंह-सूर्याचा झेंडा हवा. कन्या क्रांतिकारक, तिला लाल हवा. पुत्राला दूतावासात कामे असतात, म्हणून त्याच्या खिशात सध्याचा. प्रत्येक जण इतरांचे झेंडे सोफ्याच्या गाद्यांखाली लपवतो आणि मग बसायला कोणालाच जागा उरत नाही. कल्पनाशक्तीला मी फारसे श्रम दिलेले नाहीत, हे चाणाक्ष भगिनीच्या ध्यानी आलेच असेल. माझे श्वशुर कर्नलसाहेब स्वतःचीच भूमिका करीत आहेत आणि 'लेखकाने पात्र अतिरंजित केले आहे' अशी त्यांची तक्रार आहे.

आता मूळ मुद्दा. दुसऱ्या अंकात रश्तहून एका आत्याचा फोन येतो. देशाची अवस्था ती केवळ पाककृतींतून सांगते. भात चिकटला म्हणजे रस्ते बंद. मीठ जास्त झालं म्हणजे कोणी ऐकतंय. करपलं म्हणजे कोणाला तरी नेलं. ही पाककला मी कोणाच्या चुलीवरून उचलली हे तुला सांगायला नको. गेल्या वर्षी माझ्या भाचीला, रोशनकला, नेले तेव्हा तू 'फेसेंजान करपलं' म्हणालीस. परमसावध लेखकाने त्या अक्रोड-डाळिंबाच्या फेसेंजानचे वांगे केले आहे, म्हणजे कोणाच्याही लक्षात येणार नाही. तरीही तुझ्या अनुमतीविना एक चमचाही ढवळणार नाही. कळव.

तुझा,
नौजर


रश्त, २७ नोव्हेंबर

गाढवा,

मलमं पोचली. तुझं अक्षर तीस वर्षांत सुधारलेलं नाही. बाबांच्या शाळेतली लाल शाई अजून कपाटात आहे. तुझं पत्र वाचताना हात तिकडे जातो.

रोशनक घरी आहे. दोन सत्रं विद्यापीठाबाहेर काढलंय, पासपोर्ट त्यांच्याकडे, आणि मी हमीपत्रावर सही केली आहे. सुनावणी ५ मार्चला. तिच्या कागदपत्रांत सध्या इतकंच आहे की ती मोर्चात चालत होती. वकील म्हणतात, एवढंच राहिलं तर समज देऊन सोडतील. मी सध्या त्या 'एवढंच'वर जगते आहे. ती दिवसभर खिडकीशी बसून विणकाम करते. तिनं विणलेले मोजे फर्रोखबरोबर देते. एक पाय मोठा झालाय, तो तुझ्या अहंकाराच्या बाजूचा समज.

नाटकाबद्दल विचारलंस. बंधुराज, आपण लेखक. अनुमती देणारी मी कोण? आपली मर्जी. माझ्या साध्या स्वयंपाकाला रंगभूमीवर स्थान मिळावं हा माझाच सन्मान, आपली मर्जी. माझ्यासाठी आपण एवढे कष्ट घेऊ नयेत असं आपलं वाटतं, तरी आपली मर्जी.

परीवशला आशीर्वाद. कर्नलसाहेबांना सांग, चहात साखर कमी घाला.

माहलका


हॅम्बर्ग, २४ डिसेंबर

औदार्यमूर्ती ताई,

एकदा नव्हे, दोनदा नव्हे, तीनदा 'आपली मर्जी'! कोणत्या नाटककाराला एवढी निरंकुश सत्ता लाभली असेल? पत्र मी तालमीत सर्वांना वाचून दाखवले. फर्रोख म्हणाला, "ताईंचं मन मोठं." परीवश काहीच म्हणाली नाही, पण ती सध्या कन्येबरोबर आत्याचीही भूमिका करीत असल्याने मौन ही तिची पूर्वतयारी असावी.

तालमीचा वृत्तान्त असा. गेल्या आठवड्यात कर्नलसाहेबांनी क्रांतिकारक कन्येचा झेंडा खरोखरच खिडकीबाहेर टाकला. "बाबा, तो उद्या लागणार आहे," परीवश म्हणाली. "तोच तर प्रश्न आहे, चाळीस वर्षं तो उद्याच लागतोय," कर्नलसाहेब उत्तरले. हे वाक्य संहितेत नव्हते. मी तत्काळ घातले. त्यावर पितापुत्री दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हती आणि तालीम अप्रतिम झाली.

यल्दाच्या, वर्षातल्या सर्वांत लांब रात्रीच्या, संध्याकाळचा आनंद मात्र अवर्णनीय! टरबूज कापावे, डाळिंबे सोलावी आणि जुन्या काव्यसंग्रहातली गझल मोठ्याने वाचावी, ही आपल्या घराण्याची परंपरा. दोन घरांमध्ये टेलिफोनची तार असली तरी ती आपण पाळतो; यंदा मात्र गझलेच्या जागी मी माझाच प्रवेश वाचला. आत्याचा संपूर्ण प्रवेश, आवाज बदलून, चाळीस मिनिटे! रोशनक हसली, ताई. लसणाच्या लोणच्याच्या बरणीच्या वाक्याला तर तिला श्वास घेता येईना; "मामा, पुरे, मामा, पोट दुखलं," म्हणत होती. वर्षभरात मी तिचे हसणे ऐकले नव्हते. मग तू अचानक 'दाराशी कोणीतरी आलंय' म्हणून फोन ठेवलास. एवढ्या थंडीत कोण आले होते?

विजयोन्मत्त,
नौजर


रश्त, १८ जानेवारी

नौजर,

हे पत्र तिकडे निघालेल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे दिलं आहे. फर्रोखकडे दिलेलं नाही. कारण लिहीत नाही, पण तुला कळेल.

मंगळवारी दुपारी दोघे आले. इस्त्रीचे शर्ट, बूट दाराबाहेर काढून ठेवलेले, आवाज मऊ. मी चहा ठेवला. "बाई, कशाला त्रास," म्हणाले. तीनदा नको म्हणाले आणि मग प्यायले. थोरला म्हणाला, "परवा आमच्या घरी फेसेंजान करपलं. किती वाईट वाटतं नाही, बाई?"

मी म्हटलं, "मंद आचेवर ठेवावं लागतं."

"आणि लसूण? दोन किलो लसूण लोणच्याला घातला, की महिनाभर बरणी उघडायची नाही म्हणे. खरं का?"

"माझी आई सात वर्षं उघडत नसे," मी म्हटलं.

तो हसला. मग बशीत एकही थेंब न सांडता कप ठेवला आणि म्हणाला, "तुमचे जुने फोन ऐकायला आता फार गोडी वाटते. आधी वाटायचं, म्हातारी बाई स्वयंपाकाचं बोलते." जाताना त्यांनी रोशनकच्या विणकामाची तारीफ केली.

ती बरणी म्हणजे काय, हे तुला, मला आणि रोशनकला माहीत आहे. मोर्चातल्या त्या दोन मुली गेल्या वर्षी तीन आठवडे आमच्या माडीवर लपून होत्या. मी तुला ते सांगितलं, कारण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येत नव्हती. ते त्यांच्या कागदावर चढलं, तर 'एवढंच' संपलं. मग समज देऊन कोणी सोडत नाही.

नाटक अजून झालेलं नाही. तरी त्यातली वाक्यं माझ्या बैठकीत बसून चहा पीत होती. तुझ्या तालमीच्या खोलीत कोण आहे, ते शोध. लवकर शोध. मी रात्री रोशनकच्या दाराशी खुर्ची टाकून बसते. का, ते मलाही सांगता येत नाही. खुर्चीनं काय अडणार आहे?

माहलका


हॅम्बर्ग, २ फेब्रुवारी

ताई,

आज मंगलाचरण नाही. वृत्तान्त जसा घडला तसा लिहितो.

तुझे पत्र वाचल्यापासून मला माझ्याच घरातल्या माणसांचे चेहरे भिंगाखाली दिसू लागले. कर्नलसाहेबांचा बुद्धिबळाचा मित्र कोण? परीवशच्या जुन्या संघटनेतला तो टकला गृहस्थ प्रत्येक तालमीला का येतो? आणि सर्वांत आधी, अर्थातच, फर्रोख. वर्षातून सहा वेळा जातो, सहा वेळा परत येतो, त्याला कोणीही काहीही विचारत नाही. सात दिवस मी त्याला नमस्कार केला तो त्याच्या हातांकडे बघत.

काल तालमीत परीवश आत्याचे वाक्य म्हणत होती आणि मला सहन झाले नाही. मी सर्वांदेखत म्हणालो, "फर्रोख, पिस्त्यांबरोबर आणखी काय काय नेतोस?"

"मलमं," तो म्हणाला. "का?"

"ताईच्या घरी दोघे येऊन आपल्या नाटकातली वाक्यं म्हणून गेले. अजून प्रयोग व्हायचाय. मग ती तिथवर गेली कशी?"

परीवश ओरडली, "माझा भाऊ आहे तो!" कर्नलसाहेब म्हणाले, "भाऊ कोणाचा तरी असतोच." फर्रोखचा चेहरा पांढरा पडला. मला वाटले, सापडला. तो म्हणाला, "भावोजी, मी तिकडे 'सगळं ठीक आहे' म्हणतो, कारण विमानतळावर मला दर वेळी एका खोलीत बसवतात आणि ते विचारतात, सगळं ठीक आहे ना? तिथं जे म्हणतो, तेच इथं म्हणायची सवय ठेवली. चूक व्हायला नको म्हणून. काय म्हणाले ते दोघे? नेमकं सांगा."

मी सांगितले, फेसेंजान करपलं.

त्याने माझ्या हातातली संहिता घेतली. पान उघडले. बोट ठेवले. "इथं वांगं लिहिलंय," तो म्हणाला. "तालमीत आम्ही सगळे वांगंच म्हणतो. फेसेंजान कोण म्हणालं?"

ताई, मी म्हणालो होतो. यल्दाच्या संध्याकाळी, टेलिफोनवर, चाळीस मिनिटे. रोशनक हसत होती, ती आणखी हसावी म्हणून मी वांगे टाकून खरे तेच वाढले. लसणाची बरणी तर संहितेत नव्हतीच. तीही मी त्या संध्याकाळी हौसेने उघडली. ऐकणाऱ्यांना मी संकेत तर दिलाच, वर आवाज बदलून त्याचे भाष्यही केले.

मग कर्नलसाहेबांनी काठी टेकली आणि म्हणाले, "शत्रूचा हेर सापडला. चष्म्याच्या दुकानात."

कोणी हसले नाही. तेही नाही.

मी फर्रोखची क्षमा मागितली. त्याने पहिल्यांदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा "काही नाही, काही नाही" म्हटले, आणि मी चौथ्यांदा मागितली तेव्हा तो रडला. हे पत्र तोच आणतो आहे, कोटाच्या अस्तरात शिवून. मी म्हटले, नको. तो म्हणाला, "मला त्या खोलीत बसायची सवय आहे."

मला काय करू ते सांग. नाटक बंद करू?

नौजर


रश्त, १६ फेब्रुवारी

गाढवा, महागाढवा, गाढवांच्या वंशावळीतल्या पहिल्या नावा,

फर्रोख आला. चहा न घेता उभ्याउभ्या पत्र दिलं. मी त्याच्याबद्दल जो विचार केला होता त्याची मला लाज वाटते. त्याला बदामाच्या वड्या दिल्या, पण त्यानं काही फिटत नाही.

तू विचारलंस आणि मी 'आपली मर्जी' लिहिलं. तीनदा. बाबांनी काय शिकवलं होतं? पहिले तीन आग्रह रीतीचे, चौथा माणसाचा. पाहुण्याला तीनदा 'बसा' म्हणतात. चौथ्यांदा म्हणाल तर खरंच बसवायचं असतं. मी चौथ्यांदा लिहिलं होतं का? आणि मी तुला 'बंधुराज' कधीपासून म्हणायला लागले? तीस वर्षं जर्मनांत राहून तू शब्दांचा अर्थ शब्दांत शोधायला शिकलास. तो नकार होता, नौजर. ते मी 'नको' लिहिलं होतं.

माझीही चूक आहे. फोन चालू असताना मला ओरडून सांगता आलं असतं, थांब. पण पोर हसत होती. मी चाळीस मिनिटं तिचं तोंड बघत बसले. दाराशी कोणी आलं नव्हतं. तेव्हा अजून आलं नव्हतं.

आता नीट वाच.

नाटक बंद करू नकोस. बंद केलंस तर त्यांना कळेल की त्यांनी बरोबर ओळखलं. त्यातून मला काढ. आत्या नको, फोन नको, चूल नको.

यापुढे मी तुला सभ्यपणे लिहिलं, तर समज की माझ्या खांद्यावरून कोणीतरी वाचतंय. सभ्यपणे बोलावलं तर येऊ नकोस. रोशनकचं नाव घेऊन बोलावलं, रडून बोलावलं, तरी येऊ नकोस. ते तुला धरतील, आणि मग तुझ्या तोंडून ती बरणी माझ्या घरातली म्हणून वदवून घेतील. आत्ता त्यांच्याकडे फक्त एका म्हातारीचं लोणचं आहे. तू आलास की साक्षीदार होईल. मी चौथ्यांदा बोलावेन, तेव्हाच ये.

आणि मी गाढव म्हणेपर्यंत काळजी कर. म्हटलं की झोप.

हे पत्र वाचून जाळ. तुला जुनी पत्रं जपायची खोड आहे.

माहलका


रश्त, ९ मार्च
(टपालाने)

आदरणीय बंधुराज नौजरजी यांस,

आपले व आपल्या सर्व कुटुंबीयांचे आरोग्य उत्तम असावे अशी प्रार्थना. येथे सर्व क्षेम आहे. हवा प्रसन्न आहे. मेजावर ठेवण्यासाठी गव्हाचे अंकुर वाढत आहेत.

आपली भाची रोशनक दिनांक ५ पासून काही सभ्य गृहस्थांकडे पाहुणी आहे. तिची व्यवस्था अत्यंत उत्तम आहे. आपल्या नाटकाविषयी काही किरकोळ गैरसमज निर्माण झाले असून, आपण स्वतः येऊन दोन शब्द बोललात तर ते दूर होतील आणि रोशनक नववर्षाच्या मेजावर आपल्या शेजारी बसेल, असे त्या गृहस्थांनी अतिशय सौजन्याने सांगितले आहे. तरी आपण यावे.

आपली जागा येथे रिकामी आहे. आपण अवश्य यावे.

वृद्ध भगिनीची एवढी इच्छा पूर्ण करावी. आपण कृपया यावे.

आपली विनम्र,
माहलका


हॅम्बर्ग, १९ मार्च
(टपालाने)

परमादरणीय भगिनी माहलकाजी यांच्या चरणी,

आपले कृपापत्र पावले. इतक्या विनयाने लिहिलेले पत्र मला आपल्याकडून आयुष्यात प्रथमच आले. मी ते उभ्याने वाचले आणि नंतर पुष्कळ वेळ उभाच होतो. परीवशने खुर्ची आणून दिली. कर्नलसाहेबांनी पत्र हाती घेतले, शेवटपर्यंत वाचले, घडी घातली आणि सैन्यात असताना त्यांना सवय होती तसा कणा ताठ करून खिडकीकडे पाठ फिरवली.

आपल्या तिन्ही निमंत्रणांस माझा त्रिवार नमस्कार. अशा आमंत्रणास मी सर्वथा अपात्र आहे. दुकानाचा व्याप मोठा, वय झालेले, हवाही मानवत नाही. माझ्यासारख्या क्षुद्र चष्मेवाल्याच्या दोन शब्दांनी थोर गृहस्थांच्या ज्ञानात काय भर पडणार? तरी मी येऊ शकत नाही. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले. त्यातील व्याकरण आपण तपासावे.

नाटक शनिवारी झाले. निरुपद्रवी कौटुंबिक विनोद, इतकेच. त्यात रश्तचे कोणी नाही, स्वयंपाकही नाही. वस्तुतः दुसऱ्या अंकातला टेलिफोन काढायचा होता. परंतु भाड्याच्या मंचावर तो भिंतीलाच पक्का बसवलेला निघाला, आणि पडद्यामागच्या कोणीतरी सवयीने घंटा वाजवली. तो वाजत राहिला. तिघेही झेंडे लपवण्यात गुंतलेले, कोणी उचलला नाही. कर्नलसाहेब मध्येच थांबले आणि त्याच्याकडे बघत राहिले. परीवशही. फर्रोखही. तिघे जण पहिल्यांदाच एकाच दिशेला बघत होते. प्रेक्षकांना वाटले, हा संहितेतला विनोद आहे, फार हसले. मी पडद्यामागे होतो. घंटा थांबली तेव्हा मला ऐकू आले नाही, मला ती आताही ऐकू येते.

उद्या नववर्ष. आम्ही मेज मांडले आहे. आम्ही चौघे बसलो तर पाचवी खुर्ची उरते. ती रोशनकसाठी आहे. सोफ्याच्या गाद्या मी रिकाम्या केल्या आहेत, झेंडे सध्या न्हाणीघरात एकत्र वाळत आहेत आणि कोणाचीही हरकत आलेली नाही. रोशनक ज्यांच्याकडे पाहुणी आहे त्या सभ्य गृहस्थांना विनंती की, मुलीला थंडी फार बाधते. तिने स्वतः विणलेले मोजे माझ्याकडे आहेत, मी ते फर्रोखबरोबर परत पाठवीत आहे. त्यातला एक मोठा आहे.

शेवटी एक वैयक्तिक विनंती, जी कोणाच्याही दृष्टीने निरर्थक आहे. बालपणी आपण मला एक पदवी बहाल केली होती: चतुष्पाद, दीर्घकर्ण, भारवाहू. ती मला शोभत नाही, असा निषेध मी पन्नास वर्षे नोंदवत आलो. तो निषेध मी आज लेखी, साक्षीदारांसमक्ष आणि बिनशर्त मागे घेत आहे. आपल्या पुढच्या पत्रात ती पदवी मला पुन्हा प्रदान व्हावी. पत्र एका शब्दाचे असले तरी चालेल. तेवढा एक शब्द येईपर्यंत मी रोज सकाळी दुकान उघडण्यापूर्वी टपालपेटीशी उभा राहीन.

ताई, एकदा म्हण.

आपला,
त्या पदवीचा उमेदवार,
नौजर